सिस्टरांचे हात

धारदार वस्तू कोणी हातात द्यायला पुढे केली की आमच्या सिस्टर दोन्ही हात पाठीमागे घ्यायच्या. शाळेत बाईंनी पट्टी उगारली की मुलं घेतात ना, अगदी तसे. आणि म्हणायच्या, "खाली ठेवा. मग मी घेते."

पंचवीस वर्षं त्या ऑपरेशन थिएटरात होत्या, त्यातली शेवटची दहाबारा वर्षं इन्चार्ज म्हणून. मुलुंडचं आमचं हॉस्पिटल काही फार मोठं नाही. दोन थिएटर्स, एक लिफ्ट, आणि ती लिफ्ट बंद असली की सर्जनपासून सफाईवाल्या मावशीपर्यंत सगळ्यांना सारखाच दम लागतो. मी तिथे भूल देणारी डॉक्टर. तुमच्यापैकी कोणी ऑपरेशनसाठी आडवे झाले असाल तर वरचा तो मोठा दिवा आठवत असेल, हाडात शिरणारी थंडी आठवत असेल, आणि "आता मोठा श्वास घ्या" म्हणणारा एक आवाज आठवत असेल. तो माझ्यासारखीचा. पुढचं तुम्ही बघत नाही. भूल देणाऱ्याची जागा पेशंटच्या डोक्याशी असते, तिथून मात्र सगळं दिसतं. मी सिस्टरांना तिथून बघितलं.

थिएटरात सगळ्यांचं लक्ष पेशंटकडे असतं, आणि ते बरोबरच आहे. पण तिथे उभ्या असलेल्या माणसालाही काही लागू शकतं, काही होऊ शकतं, हे कोणाच्या ध्यानीमनी नसतं. सिस्टरांच्या मनात चोवीस तास तेच. आमचे मोठे सर्जन आडदांड आणि आवाजी. त्यांना चाकूची पाती हातोहात द्यायची-घ्यायची सवय होती. सिस्टरांनी त्यांच्या आणि आपल्या मध्ये स्टीलचा एक पसरट ट्रे ठेवला. पातं त्यात ठेवायचं, हात काढून घ्यायचा, मग दुसऱ्याने उचलायचं. एका वेळी ट्रेमध्ये एकाचाच हात.

"सिस्टर, एवढा वेळ नाही माझ्याकडे," सर्जन ओरडले.

"माझ्याकडे आहे, सर. रिटायर व्हायला अजून बरीच वर्षं आहेत," सिस्टर म्हणाल्या आणि हात पाठीमागे घेऊन उभ्या राहिल्या. सर्जननी मुकाट्याने पातं ट्रेमध्ये ठेवलं.

त्याच सर्जनच्या वाढदिवसाला आम्ही चहाच्या खोलीत केक आणला होता. त्यांनी केक कापला आणि लाडात येऊन सुरी सिस्टरांपुढे धरली, "घ्या, तुम्ही पण एक तुकडा कापा." सिस्टरांचे हात गेले पाठीमागे! प्लास्टिकची सुरी हो ती. तिने लोणीसुद्धा धड कापलं गेलं नसतं. आम्ही सगळे इतके हसलो की मामांच्या हातातली चहाची किटली हिंदकळली. मामा म्हणजे आमचे वॉर्डबॉय, वय वर्षं पंचावन्न. सिस्टरही हसल्या, पण सुरी टेबलावर ठेवल्यानंतरच त्यांनी ती उचलली.

बोटं उघडी राहणाऱ्या चपला घालून कोणी आत आलं की त्या दारातच अडवायच्या. "पायाची बोटं मोजून आलात ना? जाताना परत मोजायला लागतील." हाडांच्या ऑपरेशनला एक्स-रे लावतात, तेव्हा अंगावर शिशाचा जड अंगरखा घालावा लागतो. काम झालं की लोक तो खुर्चीवर दुमडून टाकत. सिस्टर तो उचलून खुंटीवर सरळ लटकवायच्या. दुमडला की आतून तडकतो आणि वरून काही कळत नाही, हे त्या प्रत्येक नव्या माणसाला सांगायच्या. मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा मी म्हटलं, "सिस्टर, हे सांगितलंत तुम्ही." त्या म्हणाल्या, "मग दुमडलात कशाला?"

रागावल्या की त्यांच्या तोंडून मालवणी निघायची. वडील मालवणकडून गिरणीत कामाला आले होते, घाटकोपरला डोंगरउतारावरच्या चाळीत यांचं सगळं आयुष्य गेलं, पण राग मात्र गावचाच राहिला. ओल्या फरशीवरून कोणी ट्रॉली पळवली की, "डोळे खंय आसत तुझे?" असं थिएटरभर घुमायचं.

आमच्या सफाईवाल्या मावशी काविळीच्या लसीचा तिसरा डोस घ्यायला तयार नव्हत्या. दोन घेतले, दोन्ही वेळा हात दुखला, आता पुरे. सिस्टर रजिस्टर घेऊन त्यांच्या मागे. मावशी जिन्याखाली लपल्या तर सिस्टर जिन्याखाली गेल्या. तिथे दोघी पायरीवर बसून चहा प्यायल्या. सिस्टर म्हणाल्या, "तू आजारी पडलीस तर या हॉस्पिटलात दुसरी मावशी येईल गं. तुझ्या पोरांना दुसरी आई कुठून येणार?" मावशींनी तिथेच पदर बाजूला करून दंड पुढे केला.

हे सगळं मी गंमत म्हणून सांगतेय असं वाटत असेल. मलाही इथपर्यंत सांगायला बरं वाटतं. लोकांनी सिस्टरांबद्दल विचारलं की मी इथेच थांबते.

त्यांचा आणखी एक नियम होता. ज्याने सुई वापरली, त्याने ती स्वतःच्या हाताने, लगेच, पांढऱ्या डब्यात टाकायची. टोपण परत लावायचं नाही, बाजूला ठेवायची नाही, दुसऱ्याला "टाक गं" म्हणायचं नाही. आणि डब्यात गेलेली सुई काही झालं तरी बाहेर काढायची नाही.

मला तिथे लागून तीन महिने झाले होते. शनिवारची दुपार, आणि ऑपरेशनच्या लांबलेल्या यादीत हायवेवरच्या अपघाताचा एक तरुण पेशंट आला. रक्ताच्या तपासण्या झालेल्या नव्हत्या, तेवढा वेळच नव्हता. त्याला भूल दिल्यावर मी त्याच्या दंडातून रक्त काढलं, लॅबला पाठवायला. बाटलीत रक्त सोडायचं तर सिरिंजची सुई काढावी लागते. ती मी काढली आणि चादरीवर, त्याच्या हाताशी ठेवली. डबा चार पावलांवर होता. तेवढ्यात त्याचं ब्लडप्रेशर घसरलं, यंत्र वाजायला लागलं, आणि पुढचे दोन तास मला त्या पोराच्या जिवाशिवाय काही सुचलं नाही. पोरगा वाचला. त्याला बाहेर नेलं.

सिस्टर आवराआवर करत होत्या. चादर कडेकडून गुंडाळत आणताना त्या एकदम थांबल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "लागली."

डाव्या हाताच्या तर्जनीला. ग्लोव्ह्जवर लाल ठिपका. त्यांनी ती सुई उचलली आणि इतक्या वर्षांच्या सवयीने आधी डब्यात टाकली. मग ग्लोव्ह्ज काढले, नळाखाली हात धरला, साबण लावला. बोट दाबायचं नाही, चोखायचं नाही, नुसतं धुवत राहायचं, हे त्या दर महिन्याला नव्या मुलींना शिकवायच्या. आज तसंच करत होत्या आणि मामा शेजारी टॉवेल घेऊन उभे होते. मी माझ्या ट्रॉलीकडे बघितलं. तिथे माझी सिरिंज होती, सुईशिवाय. तेव्हाच मला कळलं.

खबरदारी म्हणून तासाभरात त्यांनी औषधाचा पहिला डोस घेतला. संध्याकाळी त्या पेशंटचा रिपोर्ट आला. त्याच्या रक्तात एचआयव्ही होता.

सिस्टर रजिस्टर घेऊन आमच्या कपडे बदलायच्या खोलीत आल्या. सुई लागली की नोंद करायचीच, लपवायचं नाही, हाही त्यांचाच आग्रह. त्यात एक रकाना असतो, सुई कुठून आली याचा.

"मॅडम, तुमच्याकडची नव्हती ना?" त्यांनी विचारलं. "नाही, आपली विचारते. लिहायला लागेल म्हणून."

"नाही सिस्टर," मी म्हणाले. "माझी मी टाकली."

"मग माझीच," त्या लगेच म्हणाल्या.

त्यांनी शेवटी टाक्यांभोवती औषधाच्या दोन सिरिंज स्वतःच्या हाताने टोचल्या होत्या. त्यांच्या सुया माझ्याच आकाराच्या, एकाच खोक्यातल्या. "दोन्ही टाकल्या असं दिसतंय हो मला डोळ्यांसमोर," त्या बाकावर बसत म्हणाल्या. "पण दिसतंय म्हणून काय? टाकली असती तर चादरीत कशी आली असती?" आणि त्यांनी रकान्यात लिहिलं, स्वतःच्या हातून निष्काळजीपणा. अक्षर नेहमीसारखं गोल. मी शेजारी बसून बुटांच्या नाड्या बांधत होते.

का खोटं बोलले? मी घाबरले होते. नवी होते, सर्जनच्या आवाजाला घाबरत होते, आणि सगळ्यात जास्त त्या बोटाला घाबरले होते. बाकीची कारणं मी नंतर सावकाश तयार केली. त्यातलं एक मला बरेच दिवस पुरलं. ते असं, की आता सांगून काय होणार, औषध तर तेच घ्यायचंय.

अठ्ठावीस दिवस त्यांनी ती औषधं घेतली. मळमळायचं, चक्कर यायची. डब्यात नुसती पेज आणायच्या आणि तीही अर्धी ठेवायच्या. एकही दिवस सुट्टी घेतली नाही. नवरा त्यांचा लवकर गेलेला, घरी एक मुलगी, तिचं लग्न ठरत होतं. एकदा मला म्हणाल्या, "मी घरी माझा पेला वेगळा ठेवलाय मॅडम. तसं काही नसतं हे मीच लोकांना शिकवते. पण ठेवलाय." मी म्हटलं, "सिस्टर, त्याची गरज नाही." याहून जास्त काही बोलायची माझी लायकी नव्हती.

दीड महिन्याने तपासणी, मग तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी. तिन्ही वेळा रिपोर्ट चांगला आला. शेवटच्या वेळी मामांनी सगळ्यांना पेढे वाटले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. खरं सांगते, त्यांच्यासाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त. मला वाटलं, सुटले.

पुढच्या सोमवारी सिस्टरांनी अर्ज दिला. मला थिएटरातून काढा.

मी धावत त्यांच्याकडे गेले. "अहो सिस्टर, रिपोर्ट चांगला आला ना!"

"आला गो बाय." मला त्या पहिल्यांदाच असं म्हणाल्या, मॅडम नाही. "पण रिपोर्टाचं नाय ते. मी सुया टाकल्या म्हणून शपथेवर सांगितलं असतं, एवढं मला स्पष्ट दिसत होतं. आणि टाकल्या नव्हत्या. उद्या पेशंटच्या पोटात रक्त टिपायला ठेवलेले कपडे मी मोजले म्हणून सांगेन, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून पोट शिवाल, आणि मी मोजलेच नसतील. मग?"

आता तुम्हीच सांगा, तेव्हा तरी बोलायला नको होतं? एक वाक्य होतं. चार शब्दांचं सुद्धा नाही. मी म्हणाले, "असं काही नसतं हो सिस्टर, चुका सगळ्यांच्याच होतात." त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं. त्यांना वाटलं, मी त्यांची समजूत काढतेय.

त्यांना खालच्या मजल्यावर हत्यारं निर्जंतुक करायच्या खोलीत दिलं. तिथे त्या चिमटे आणि कात्र्या कापडात बांधायच्या, आणि प्रत्येक गठडी तीनदा उघडून मोजायच्या. तिसऱ्यांदा मोजून झालं की शेजारच्या मुलीला सांगायच्या, "तू एकदा मोज गं." पूर्वी ज्या बाईने मोजलं म्हणजे सर्जनसुद्धा मान वर करून बघायचा नाही, ती बाई वीस वर्षांच्या पोरीला मोजायला सांगत होती. गठड्या वर यायला उशीर व्हायला लागला. सर्जन चिडायचे. "काय झालंय काय या बाईंना?" असं ते मला विचारायचे आणि मी खांदे उडवायचे.

मी मात्र आदर्श झाले. त्या दिवसापासून एकही सुई मी चार सेकंदांहून जास्त हातात ठेवलेली नाही. हे सिस्टरांच्या कानावर गेलं. एकदा नव्या नर्सेसची तुकडी खाली आली होती आणि मी काही मागायला गेले, तर माझ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, "ह्या मॅडमकडे बघून शिका. ह्यांची सुई कधी इकडची तिकडे व्हायची नाही." मुली माझ्याकडे आदराने बघत होत्या. मी काय मागायला आले होते तेच विसरले आणि तशीच वर गेले.

मुदतीच्या आधीच त्यांनी निवृत्ती घेतली. निरोपाच्या कार्यक्रमात मला बोलायला उभं केलं. आदल्या दिवशी मी ठरवलं होतं, सगळ्यांसमोर सांगायचं. कागदावर लिहून नेलं होतं, सुरुवातच ती होती. उभी राहिले, समोर पहिल्या खुर्चीत सिस्टर, अबोली रंगाची साडी, केसात गजरा, आणि मी केकच्या सुरीची गोष्ट सांगितली. सगळे पोट धरून हसले. सिस्टरांनी डोळे पुसले.

नंतर दिवाळीला, संक्रांतीला फोन व्हायचे. मुलीचं लग्न झालं होतं, जावई जवळच राहायला होता, नात झाली. "या एकदा घरी, मॅडम. मेट्रोतून उतरलात की दहा मिनिटं," त्या म्हणायच्या. "नक्की येते," मी म्हणायचे. त्यांच्या आवाजात कधी तक्रार नसायची, म्हणून मला वाटायचं, वेळ आहे अजून.

मग एका सकाळी हॉस्पिटलच्या ग्रुपवर मामांचा मेसेज आला. झोपेतच गेल्या. हृदय बंद पडलं. खाली चाळीस जणांनी हात जोडले होते. मीही जोडले, दुसरं काय करणार.

तेराव्यानंतर घाटकोपरला गेले. चाळीच्या पायऱ्या चढताना दम लागला. मुलीने दार उघडलं. तिने मला लगेच ओळखलं, आईच्या निरोपाच्या फोटोत मी होते म्हणाली. आत भिंतीवर सिस्टरांचा फोटो, हार ताजा. दोन वर्षांची नात फरशीवर वाट्या मांडून बसली होती.

मुलगी चहा ठेवता ठेवता बोलत होती. "आईला हिची केवढी हौस होती, माहितीये? मला सातवा लागला तेव्हाच गावाहून खोबरेल आणून ठेवलेलं, मालिशसाठी. आणि हिला एकदा पण अंघोळ घातली नाही तिने. एकदा पण नाही. उभ्याने उचलूनसुद्धा घ्यायची नाही. खाली बसायची आणि म्हणायची, तू ठेव माझ्या मांडीवर, माझ्या हाताचा भरवसा नाय. आम्ही डोळे तपासले, हात तपासले, मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. काही नव्हतं हो. सगळे म्हणाले, वय झालं."

मी चहा घेतला नाही. मी तिला सांगितलं. ती शनिवारची दुपार, बाटलीतलं रक्त, चादर, आईने विचारलेला प्रश्न, मी दिलेलं उत्तर. सगळं, जसं झालं तसं. सांगताना मी तिच्याकडे बघत होते, तेवढं तरी केलं. तिने आरडाओरडा करावा, मला घराबाहेर काढावं, असं मला मनापासून वाटत होतं.

तिने गॅस बंद केला. मग तिने विचारलं, "म्हणजे आईच्या दोन्ही सुया आईने टाकल्या होत्या?"

"हो."

"तिला दिसायचं ते खरं होतं?"

"खरं होतं."

तिने वाट्यांमधून पोरीला उचललं, कडेवर घेतलं आणि फोटोसमोर जाऊन उभी राहिली. कानाने कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलतात तशी, मोठ्याने म्हणाली, "आई, तू टाकल्या होत्यास गं. दोन्ही टाकल्या होत्यास."